मीटरवरचा दीड व्होल्ट आणि सेलची खरी ताकद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घरगुती उपयुक्त माहितीच्या सदरात नुकताच असा सल्ला आला होता की, पेन्सिल सेलला मल्टिमीटर लावून 1.3 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर सेल चांगला समजावा आणि खाली दिसला तर टाकून द्यावा. सल्ला सोपा आहे, पण अर्धवट आहे. कारण सेल कोणत्या जातीचा आहे आणि मोजताना तो काम करत होता की नुसता बसून होता, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या घरचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र पट्ट्यात हवा भरू लागताच बंद पडत होते. आतले चारही सेल मीटरवर तपासले, तेव्हा तिघांनी 1.44च्या आसपास आणि चौथ्याने 1.38 दाखवले, म्हणजे आपल्या सदराच्या हिशेबाने चौघेही पास. मग प्रत्येक सेलच्या दोन टोकांना 10 ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा सुटा भाग) जोडून, तो जोडलेला असतानाच पुन्हा मोजले. तिघे 1.3च्या आसपास टिकले. चौथा पाहता पाहता 0.84वर आला. तो एकटा बदलल्यावर यंत्र चालू लागले (खरे तर चारही सेल एकदमच बदलावेत, पण त्या वेळी घरात एकच नवा होता).

याचे कारण असे की, डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) साधारण दहा लाख ते एक कोटी ओहम असतो, त्यामुळे मोजताना सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेतला जात नाही. सेल वापरून जुना होतो तसा त्याचा आतला रोध वाढत जातो, पण प्रवाहच नसेल तर तो रोध आकड्यात उतरणार कसा? गंजून आत बुजत आलेल्या नळाची तोटी बंद असताना दाब पूर्ण दिसतो आणि ती उघडली की करंगळीएवढी धार येते, तसाच हा प्रकार आहे. 10 ओहमचा रेझिस्टर सेलकडून सुमारे 150 मिलिअँपिअर मागतो; नव्या अल्कलाइन सेलचा आकडा तेवढ्याने 1.6वरून जेमतेम 1.55पर्यंत उतरतो.

रिमोटमधून काढलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायची आपल्या घरांतली जुनी रीत त्यामुळेच अगदी शास्त्रशुद्ध आहे. रिमोटचे बटण दाबले की क्षणभर बराच प्रवाह लागतो, उलट घड्याळ इतके थोडे मागते की थकलेला सेलही त्याला कित्येक महिने पुरतो. सेल उन्हात ठेवला की पुन्हा चालतो, हेही खोटे नाही; उबेने आतली रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरते. मात्र त्यामुळे संपलेला सेल भरत नाही, आणि तापवल्याने तो गळण्याची भीती वाढते.

जातीचा मुद्दा सदरात अजिबातच आलेला नाही. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज मुळातच 1.2 असतो. तो 1.25 दाखवत असेल तर त्यात बरीच शक्ती शिल्लक असू शकते, आणि 1.3ची अट लावून असे महागडे सेल कचऱ्यात गेले तर ते नुकसान या सल्ल्याचेच म्हणावे लागेल. वजनकाट्यातला 3 व्होल्टचा बटण सेल नवा असताना 3.2च्या पुढे दाखवतो. इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी चार्जिंग संपल्या संपल्या मोजली तर 13च्या वर दिसते. ती काही तास तशीच ठेवून मोजल्यावर 12.6च्या आसपास आकडा आला, तरच ती पूर्ण भरलेली मानावी.

वर सांगितलेली रेझिस्टरची चाचणी फक्त दीड व्होल्टच्या सेलसाठी आहे आणि तीही दोन-चार सेकंदांचीच. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तोच रेझिस्टर लावला तर तो जळेल. मीटरचा खटका डीसी व्होल्टवर आहे याची खात्री आधी करून घ्यावी. तो चुकून अँपिअरवर राहिला तर सेल थेट शॉर्ट होतो.

सदराच्या पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा