अण्णांचा आजार समजावून सांगणाऱ्या डॉक्टरबाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरबाई,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा गोंधळ एकाएकी वाढला, ते घरच्यांना ओळखेनासे झाले, आणि अल्झायमर पुढच्या टप्प्यावर गेला असे घरात सर्वांनाच वाटले. आपण मात्र मिरजेहून फोनवर सर्वांत आधी लघवी तपासून घ्यायला सांगितलेत. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, उपचार झाले आणि अण्णा बऱ्याच अंशी पूर्ववत झाले. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोतच. पण त्यानंतर सांगलीला आमच्या घरी येऊन लघवीतल्या संसर्गाचा आणि मेंदूचा संबंध आपण ज्या सबुरीने उलगडून दाखवलात, त्याचे ऋण अधिक मोठे आहे.

मेंदूत चेतापेशींखेरीज मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात आणि स्पेनचे शास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख करून दिली, हे आम्हाला आपल्याकडूनच कळले. या पेशी आपल्या बारीक शाखा सतत हलवत आसपासचा भाग चाचपत राहतात, मृत पेशींचे अवशेष गिळतात आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या साठ्यांभोवती गोळा होतात. आजाराने आधीच चेतवलेल्या या पेशींपर्यंत शरीरातल्या एखाद्या संसर्गाचे रासायनिक संदेश पोहोचले, की त्यांचा प्रतिसाद निरोगी मेंदूतल्यापेक्षा तीव्र होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

अण्णा तासगावचे द्राक्षबागायतदार असल्यामुळे आपण आईला दिलेले छाटणीचे उदाहरण तिला पुरते पटले. मेंदू घडत असताना चेतापेशींमधले नको असलेले जोड मायक्रोग्लिया काढून टाकतात, आणि त्यासाठी ‘कॉम्प्लिमेंट’ ही रोगप्रतिकारक यंत्रणेतली प्रथिने त्या जोडांवर खूण करतात. हीच छाटणी अल्झायमरमध्ये अवेळी पुन्हा सुरू होते आणि, उंदरांमध्ये तरी, अमायलॉइडचे साठे दिसण्याआधीच जोड कमी होऊ लागतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. अवेळी छाटलेल्या वेलीचे काय होते, ते आईला कुणी वेगळे सांगावे लागले नाही.

या पेशींच्या तीव्र प्रतिसादामुळे मेंदूत दाह असतो हे ऐकून आमच्या एका नातलगांनी दाहशामक गोळ्या रोज सुरू करण्याचा, तर दुसऱ्यांनी प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे देण्याचा आग्रह धरला होता. दोघांनाही आपण न दुखावता थांबवलेत. संधिवातासाठी अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळल्याची निरीक्षणे होती खरी. परंतु नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची प्रत्यक्ष चाचणी झाली, तेव्हा संरक्षण दिसले नाही. दुसरीकडे, २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातील एका दुर्मीळ बदलाचा अल्झायमरच्या वाढलेल्या धोक्याशी संबंध सापडला, आणि तो बदल मायक्रोग्लियांचे काम दुबळे करतो. म्हणजे या पेशी सरसकट दाबून टाकणे हिताचे नाही आणि त्यांना आणखी चेतवणेही नाही. शिवाय त्या एकट्याही नसतात. चेतापेशींचे पोषण सांभाळणारे अ‍ॅस्ट्रोसाइट मायक्रोग्लियांच्याच रासायनिक संदेशांमुळे घातक रूप घेऊ शकतात, हे २०१७ मधील संशोधनही आपण सांगितलेत. इतके गुंतागुंतीचे उत्तर सामान्य कुटुंबाला पेलणार नाही, असे आपण गृहीत धरले नाहीत, याचे मला फार मोल वाटते.

अण्णांचा आजार बरा होणारा नाही, हेही आपण त्याच बैठकीत स्पष्ट सांगितलेत. त्यामुळे खोट्या आशेवर खर्च होणारे पैसे आणि आईची ताकद, दोन्ही वाचले. आता अण्णांच्या वागण्यात अचानक फरक पडला, तर आम्ही आधी ताप, लघवी, छातीतला कफ आणि बद्धकोष्ठता पाहतो आणि लगेच डॉक्टरांकडे जातो. विश्रामबागेतल्या ज्या ओळखीच्या घरी असाच आजार आहे, तिथेही आम्ही हे सांगितले आहे, आणि आपली परवानगी असल्यास त्या मंडळींना घेऊन आपल्याला भेटायला येण्याची इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
अण्णांची थोरली मुलगी, सांगली