लाट नको, पाऊस चालेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर सजवायचं जे पान आलं होतं त्यात जपानी निसर्गचित्रांच्या प्रिंटबद्दल चार ओळी होत्या, की सोफ्यामागच्या भिंतीवर त्या प्रसिद्ध मोठ्या निळ्या लाटेचं चित्र लावा, हॉल मोठा दिसतो आणि घराला क्लासी लुक येतो. त्यावर लिहायला बसले, कारण हा प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय आणि तो चांगलाच अंगाशी आलाय.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ ला छातीएवढं पुराचं पाणी होतं, २०२१ ला परत आलं, त्यामुळं आमच्याकडं जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या किती खाली आहे हे बघूनच चहा ठेवतात. अशा घरात माझ्या मुलानं ऑनलाइन मागवून पाच फूट बाय तीन फुटांची लाट आणली. सासूबाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या नावंतली माणसं वाचली का रं?" मुलगा म्हणाला आजी ते आर्ट आहे, तर म्हणाल्या, "आसू दे की, पर एकदा घरात पाणी आलं तेवढं बास न्हाई का, आता भितीवर कशाला?" पुढच्या गुरुवारी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी वास्तूचं काढलं, बुडती नाव घरात लावू नये वगैरे. वास्तूवर माझा काडीचा विश्वास नाही, पण सासूबाईंचं म्हणणं मला पटलं. आपण सगळे ती लाट बघतो आणि मस्त निळा रंग म्हणतो, त्या तीन नावा आणि त्यात वाकून बसलेले नावाडी आमच्या घरात फक्त त्यांनाच दिसले.

आणि चित्र तरी कसलं, बॉक्सवर 'हँडमेड ओरिजिनल' लिहिलेलं आणि जवळ जाऊन बघितलं तर नुसते ठिपके ठिपके, वरून चकाकी इतकी की ट्यूबलाइट त्यातच दिसायची. डावीकडं वर जी अक्षरांची चौकट असते, ज्यात चित्राचं नाव असतं आणि शेजारी चित्रकाराची सही, ती फ्रेमच्या मापात बसवायला निम्मी कापलेली. परत करायला फोन लावला तर 'कस्टम साइज रिटर्न होत नाही' म्हणून फोन ठेवला. दोन हजार दोनशे गेले. असो.

मग मी जरा शोधायला लागले की मूळ प्रकार आहे तरी काय, आणि पहिला धक्का बसला तो मापाचा. लाकडी ठोकळे कोरून छापलेली ही चित्रं एवढीशी असतात! लाटेची मूळ प्रिंट साधारण दहा इंच बाय पंधरा इंच, म्हणजे आपल्या उघडलेल्या वहीएवढी. होकुसाई नावाच्या जपानी चित्रकारानं ती साधारण १८३१ च्या सुमाराला केली, तेव्हा त्याचं वय सत्तरीचं होतं, फुजी पर्वताचे छत्तीस देखावे अशी मालिका होती आणि लोकांना इतकी आवडली की आणखी दहा वाढवले, नाव मात्र छत्तीसच राहिलं (आपल्या टीव्ही मालिकांसारखंच). एका प्रिंटची किंमत तिथल्या नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांएवढी, म्हणजे आपल्याकडं मिसळ खाऊन उठलं एवढ्यात काम. साध्या माणसानं घ्यायची, हातात धरून जवळून बघायची वस्तू. ती पाच फुटांची करून लांबून बघायची म्हणजे कोल्हापुरी साज होर्डिंगवर बघितल्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, एक माणूस हे करतच नाही. चित्रकार चित्र काढून देतो, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालणारा प्रकाशक वेगळा. आपल्याकडं चपलेचं कसं, तळ कापणारा एक, वेणी घालणारी दुसरी, तसंच. जंगली चेरीच्या लाकडाचा ठोकळा, प्रत्येक रंगाला वेगळा, आणि प्रत्येक ठोकळ्यावर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच ठेवलेली असते, कागद दर वेळी त्या दोन खाचांना टेकवायचा म्हणजे दहा रंग दहा वेळा छापले तरी जागचे हलत नाहीत. तिथं मशीन नाही, प्रेस नाही, कागदाच्या पाठीवर बांबूच्या पानात गुंडाळलेली एक चकती हातानं घासायची. संपादकसाहेब, राग मानू नका, पण मागच्या गणेशोत्सवात आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर बाप्पाचा लाल रंग इतका सरकला होता की सोंड एक आणि ओठ दोन दिसत होते. ते लोक दोनशे वर्षांपूर्वी दोन खाचांवर हे सांभाळत होते म्हणून आठवण झाली.

आता आमच्या भिंतीवर काय लागलं ते सांगते. हिरोशिगे म्हणून दुसरा चित्रकार, १८५७ सालचं त्याचं पुलावरच्या पावसाचं चित्र. आकाशाच्या वरच्या कडेला काळा ढग, खाली नदी, लाकडी पूल, पुलावरून छत्र्या आणि चटया डोक्यावर धरून पळणारी माणसं, मागं नदीत एकटा तराफेवाला. आणि सगळ्यावरून पाऊस, नुसत्या बारीक रेघा. मला वाटायचं या रेघा लाकडात खाचा पाडून कोरल्या असतील, तर नाही, रेघ छापायची तर ती लाकडात उभी राहिली पाहिजे, म्हणजे आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकायचं आणि केसाएवढी कड शिल्लक ठेवायची, अशा शेकड्यानं, आणि एकही मोडायची नाही. वर त्या दोन वेगळ्या तिरकसपणाच्या आहेत, म्हणून तर पाऊस आडवातिडवा येतोय असं वाटतं, आपल्याकडं पन्हाळ्यावर येतो तसा. डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८७ साली हेच चित्र समोर ठेवून तैलरंगात काढलं होतं. तो ढग पण बघण्यासारखा आहे, ठोकळ्यावर रंग लावून तो ओल्या फडक्यानं-ब्रशनं हातानं पुसत फिका करत नेतात, त्यामुळं प्रत्येक प्रिंटमधला ढग थोडा वेगळा.

हे चित्र मी विकत नाही घेतलं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट स्वतःकडच्या अशा जुन्या प्रिंटचे मोठे फोटो फुकट डाउनलोड करू देतात, कायदेशीर. ते पेनड्राइव्हवर घेतलं, राजारामपुरीत एका डिजिटल प्रिंटवाल्याकडं मॅट कागदावर मूळ मापात काढलं, चकचकीत अजिबात नको म्हणून तीनदा सांगावं लागलं, पांढरटसर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), साधी पातळ लाकडी पट्टी, सगळे मिळून साडेचारशे रुपये. ओरिजिनल नाही आणि ओरिजिनल आहे असं कुणाला सांगतही नाही. लावलंय ते सोफ्यामागं नाही, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. पूर्वी आपल्याकडं फोटो छताजवळ लावायचे, पुढं कलते, आणि मागं चिमण्या घरटं करायच्या, ते देवादिकांना ठीक होतं, हे जवळून बघायचं चित्र आहे.

आपल्या हवेबद्दल मात्र पुरवणीत एक अक्षर नव्हतं आणि खरी अडचण तीच आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि फ्रेमची पाठ भिंतीला चिकटून असली की गणपतीपर्यंत माउंटवर बुरशीचे पिवळे ठिपके हमखास. फ्रेमवाल्याकडून मागच्या चारी कोपऱ्यांना रबराचे छोटे बूच लावून घ्या, मागून हवा खेळती राहते. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस मारतो तिथं लावूच नका. आणि पश्चिमेचं ऊन पडतं तिथंही नको, जुन्या प्रिंटचे रंग उजेडानं उडतात म्हणून मोठी म्युझियमसुद्धा त्या थोडेच महिने बाहेर ठेवतात आणि परत अंधारात विश्रांतीला पाठवतात. जपानी घरातही भिंतीवरच्या कोनाड्यातलं चित्र ऋतूप्रमाणं बदलायची पद्धत आहे. मी पण ठरवलंय, उन्हाळ्यात कावासे हासुई या जपानी चित्रकाराचं १९२५ चं बर्फातलं लाल देऊळ लावणार, एप्रिलमध्ये ते बघूनच गार वाटेल.

शेवटचं आणि ज्यासाठी एवढं लिहिलं ते. योशिदा हिरोशी म्हणून एक जपानी चित्रकार भारतात येऊन गेला आणि १९३१ साली त्यानं ताजमहाल, बनारसचे घाट यांच्या अशाच लाकडी ठोकळ्यांच्या प्रिंट काढल्या. त्याच १९३१ साली आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान गेले, ज्यांनी आयुष्यभर रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर रंगवला. योशिदाचा ताजमहाल आज जगात कुठंही बघायला मिळतो, आबालालांचा रंकाळा कोल्हापुरातल्या किती घरांत आहे? आपण गावाला कलापूर म्हणतो आणि भिंतीवर मात्र स्विस बंगला नाहीतर पळणारे सात घोडे. मुलगा म्हणतो आई, असं प्रिंट मिळतच नाही तर लावणार कुठून, आणि ते खरंय.

तर विनंती एवढीच. दर महिन्याला नको, निदान वर्षातून चारदा आपल्या इथल्या चित्रकाराचं एक निसर्गचित्र (परवानगी घेऊन, मानधन देऊन) पूर्ण पानावर द्या, जाहिरात न घालता, दहा बाय पंधरा इंचात, म्हणजे कापून सरळ फ्रेमला देता येईल. रंकाळा, जोतिबाचा डोंगर, पंचगंगेचा घाट, पावसाळ्यात पाण्यात गेलेला संध्यामठ. सासूबाई अजून त्या जपानी पुलाला शिवाजी पूलच समजतात, परवा नातेवाइकांना सांगत होत्या "ह्यो आपला पूल, पर जुना फोटू हाय". खरा शिवाजी पूल मिळाला तर त्याच खिळ्याला लावीन.

फक्त छापताना तेवढा लाल रंग सरकू देऊ नका.

आपली,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर