मामा तलावांचा उथळ काठ राखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की गोंदिया, भंडारा जिल्ह्यांतल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातल्या) तलावांत पोकलेन उतरतात. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे या कामाला वेग आला. तलाव गाळाने भरत चालले होते, तेव्हा ते काम हवंच होतं. पण खोदताना तलावाचा उथळ, उतरता काठही उभा कापला जातो. मासोळी अंडी घालते ती नेमकी तिथे, आणि धिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमार समाजाच्या, पोटाचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पाळ (तलावाचा बांध), तुडुम (पाणी सोडायची मोरी), सांडवा यांचा असा हिशेब बसवला की त्यावर पिढ्यान् पिढ्या धान पिकला. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. बहुतेक लहान तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. मासेमारी ठेक्याने मत्स्य सहकारी संस्थेकडे जाते, पाणी शेतकऱ्याचं आणि दुरुस्ती ठेकेदाराची. तलाव एक, कारभारी अनेक. या सगळ्यांत संस्थेचा आवाज सर्वांत लहान.

ठेका घेतला की संस्था बीज सोडते ते रोहू, कतला, मृगळ यांचं. या मासोळ्या साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून तयार बीज मिळू लागलं. ही मोठीच गोष्ट झाली. मात्र त्यामुळे दरवर्षी बीज विकत आणणं आलं. पैसे कमी पडले की संस्था बोटुकलीऐवजी (बोटभर पिल्लांऐवजी) मत्स्यजिरे आणते. काही मिलिमीटरचं ते पिल्लू मोठ्या तलावात टिकत नाही, मरळ आणि इतर शिकारी मासे ते फस्त करतात. बोटभर वाढलेलं बीज महाग असतं, पण जगतं. तेव्हा अनुदान द्यायचंच तर बोटुकलीवर द्यावं, किंवा संस्थेला तलावाशेजारीच बोडीत (लहान तळ्यात) जिरे वाढवू द्यावेत.

आता गावरान मासोळीचं पाहा. मरळ, शिंगी, मांगूर यांचं बीज कुणी विकत आणत नाही. पावसाळ्यात ही मासोळी काठच्या उथळ पाण्यात, गवता-वनस्पतींच्या आडोशाला येते आणि तिथेच अंडी घालते. मरळ तर पिलांची राखण करते. जिवंत मरळीला बाजारात रोहूपेक्षा चांगला भाव येतो. म्हणजे ज्या मासोळीला खर्च नाही आणि भाव आहे, तिचीच जागा आपण यंत्राने खरवडून काढतो. उभ्या कापलेल्या काठावर देवधान (रानटी भात) उगवत नाही, कमळही धरत नाही. उरलेल्या जागेत बेशरम हे तण माजते. त्यात भर म्हणून कुठे कुठे गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला जातो आणि उरल्यासुरल्या पाणवनस्पती तो खाऊन टाकतो. वनस्पती गेल्या की पाखरंही जातात. महाराष्ट्रात सारस जगला आहे तो मुख्यतः याच पाणथळींच्या आधाराने, हेही विसरू नये.

हे सुधारता येतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात धिवर समाजाच्या महिलांनी तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यानंतर गावरान मासोळी परतली. कोणती वनस्पती कुठल्या मासोळीच्या कामाची, हे त्या बायकांना ठाऊक होतं. कामाच्या आराखड्यात हे ज्ञान येतच नाही, याची मला मनापासून चीड येते.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आमच्या तलावांत मात्र पहिल्या पुराला प्रवाहाविरुद्ध चढणारी, अंड्यांनी भरलेली मासोळी नाल्याच्या तोंडाशीच जाळ्यात घेतली जाते. निदान तेवढे दिवस नाल्याचं तोंड आणि उथळ काठ मोकळे ठेवावेत, आणि बारीक आसाची जाळी वर्षभर बंद व्हावीत. संस्थेचे सभासद हे पाळतील, पण मग त्या दिवसांची मजुरी त्यांना कुठून तरी मिळायला हवी. ती रोजगार हमीच्या कामांतून देता येईल.

पाण्याचाही करार व्हावा. धानाच्या शेवटच्या पाणीपाळीला तुडुम पूर्ण उघडला की तलाव उन्हाळ्याआधीच आटतो आणि वाढीला लागलेली मासोळी मिळेल त्या भावाने विकावी लागते. धानाला पाणी मिळालंच पाहिजे. पण मासोळीपुरता किती साठा राखायचा, ते शेतकरी आणि संस्था यांनी हंगामाआधी बसून ठरवावं. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेव्हा ही बैठक बरोबरीच्या नात्याने व्हायला हरकत नसावी.

यंदाच्या गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकांत उथळ काठाची पट्टी न खोदण्याची म्हणून आधीच नकाशावर आखून द्यावी, आणि त्या आखणीच्या वेळी मत्स्य संस्थेच्या सभासदांना, विशेषतः महिलांना, तलावाच्या पाळीवर बोलवावं, ही जिल्हा परिषदेला विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, जि. गोंदिया