रविवारी वांद्र्यात भित्तिचित्रांची फेरी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता चॅपल रोडवर, माउंट कार्मेल चर्चच्या फाटकाबाहेर जमायचं. ७.१५ ला निघू, कोणासाठी थांबणार नाही.

तिथून रानवार गावठाण, वरोडा रोड. या गल्ल्यांत चित्रं सतत बदलतात. जुन्यावर नवं चढतं, पोपडे निघाले की खालचा रंग डोकावतो. ते बघाच. शेवटी रिक्षाने रेक्लमेशन: एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये रंगवलेले दादासाहेब फाळके.

- लोक राहतात तिथे. खिडक्या-दारांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.
- चर्चमध्ये प्रार्थना असते, आवाज हळू.
- गल्ल्या अरुंद. दुचाकीला वाट द्या.
- पाणी, टोपी आणा. चहा ज्याचा त्याने.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका.