ओगा, कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणून हे मराठीत

ओगा, दालू. तुमच्या इग्बोतला हा एकच शब्द मला नीट बोलता येतो, धन्यवाद, आणि पुढचं सगळं मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही माहितीये, रविवारी फोनवर इंग्रजीत सांगीनच, पण तुमच्या घरी पाहुणा आला की कोला, म्हणजे ते कडवट बी, प्रार्थना करून फोडतात तेव्हा मी मधेच इंग्रजीत काहीतरी बोललो आणि म्हाताऱ्यांनी मला गप्प केलं होतं ना, की कोलाला इंग्रजी कळत नाही, प्रार्थना इग्बोतच होणार. मग माझ्या आभारांनाही इंग्रजी कळत नाही असं समजा. शिवाय हे आमच्या गाववाल्यांनी पण वाचायला हवं.

तर गाववाल्यांनो, ओगा म्हणजे तिकडे साहेब, दादा, जे म्हणाल ते. आमच्या लेगोसच्या फॅक्टरीत हे स्टोअर सांभाळायचे आणि मी मेंटेनन्सला. दर महिन्याच्या एका रविवारी हे इस्त्रीचे कपडे घालून युनियनच्या मीटिंगला जायचे, मला वाटायचं कामगार युनियन असेल. ती त्यांच्या गावाची युनियन निघाली. नायजेरियाच्या आग्नेय भागात, इग्बो लोकांत, जवळपास प्रत्येक गावाची अशी युनियन असते आणि गावची माणसं पोटापाण्यासाठी जिथे गेली तिथे तिची शाखा, लेगोस, अबुजा, कानो, लंडन, ह्यूस्टन. म्हणजे आपलं मुंबई मंडळच की! बाबा लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे, आणि तेवढ्या पगारातून शाळेच्या खोलीला वर्गणी द्यायचे. मी हे सांगितल्यावर ओगा स्टोअरमधल्या स्टुलावरून उठून मला मिठी मारायला आले, आणि म्हणाले डिसेंबरला तू माझ्यासोबत गावी चल.

2018 चा डिसेंबर. आपले चाकरमानी गणपतीला निघतात तसे हे लोक ख्रिसमसला निघतात, तीच गर्दी, तेच डोक्यावर सामान, आणि ओनिचाला नायजर नदीवर तेव्हा तो 1965 चा एकच पूल, त्यामुळे ओनिचाच्या अलीकडे आसाबाला बस जी थांबली ती चार तास. त्या चार तासांत तुम्ही जे सांगितलंत ना ओगा, ते मी विसरलो नाहीये. तुमच्या शेजारच्या इबिबिओ लोकांच्या युनियनने 1938 साली वर्गणी काढून सहा पोरं परदेशी शिकायला पाठवली होती. मग बियाफ्राचं युद्ध, तुमचा भाग वेगळा देश व्हायला निघाला ते, 1967 ते 70, आणि ते संपल्यावर बँकेत कितीही जमा असो, सरकारने हातात टेकवले वीस पौंड. तुमच्या वडिलांचे ते वीस पौंड. पडलेल्या शाळांच्या भिंती मग गावोगावच्या युनियननीच परत उभ्या केल्या. ओवेरीचा विमानतळ पण लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला, 1994 ला सुरू झाला, हे ऐकून मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं की विमानतळच ना, बसस्टँड नाही ना.

पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे.

गावात तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. हुडहुडी अशी की तुमच्या आईने तीन चादरी घातल्या. तुम्ही मोटरसायकलवर मधे बसवून मला दवाखान्यात नेलंत, तो पण युनियनचाच. खाटेच्या लोखंडी पट्टीवर पांढऱ्या पेंटने शाखेचं नाव, पंख्यावर दुसऱ्या शाखेचं, आणि बाळंतिणींची खोली बायकांच्या ऑगस्ट मीटिंगची. (शहरातल्या बायका दर ऑगस्टला गावी जमतात आणि त्यांचा हिशोब पुरुषांपेक्षा चोख असतो, हे तुम्हीच हळू आवाजात बोलला होतात.) नर्सने बोटाला सुई टोचून टेस्ट केली, मलेरिया निघाला, गोळ्या दिल्या आणि रजिस्टरमध्ये माझं नाव लिहून समोर लिहिलं, पाहुणा, आणि तुमच्या भावकीचं नाव. पैसे तुमच्या खात्यावर. मी द्यायला लागलो तर ती हसली फक्त.

ताप उतरल्यावर तुम्ही मला हॉलमधल्या मोठ्या मीटिंगला नेलंत आणि मी अंगावर शाल घेऊन मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. तिथे मी जे बघितलं ते मला आमच्या गावात बघायचं होतं आयुष्यभर. सेक्रेटरी एकेक शाखा, एकेक नाव, आलेला आकडा, राहिलेला आकडा मोठ्याने वाचतोय, लंडनहून आलेला एक माणूस उभा राहून विचारतोय की बोअरवेलच्या जनरेटरला एवढं डिझेल कसं लागलं, आणि कोणी त्याला खाली बस म्हणत नाही! बिलं आणली, एक बिल सापडेना, तर खजिनदाराने तेवढे नायरा तिथल्या तिथे खिशातून काढून टेबलावर ठेवले. एका श्रीमंत माणसाला स्वतःच्या नावाची कमान बांधायची होती, म्हाताऱ्यांनी शांतपणे सांगितलं, आधी ट्रान्सफॉर्मर.

सगळंच पटलं असं नाही, तुम्हाला तेव्हाही बोललो होतो. वर्गणी थकली असेल तर घरच्यांनी ती भरेपर्यंत अंत्यविधी अडवून धरायचा, हे मला नाही पटत, गरीब माणसाने काय करायचं. आणि लोकच सगळं करतात म्हणून सरकार निवांत, हे पण आहेच. त्यावर तुम्ही म्हणालात, वाट बघत बसलो असतो तर तुझा ताप कोणी उतरवला असता? मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

आमचं मंडळ देवळाच्या पत्र्यांच्या वर्गणीवरून फुटलं. एकाने हिशोब विचारला तर विचारणाऱ्यालाच झापला, दोन गट झाले, मीटिंगा बंद, आणि वाडीकडचा साकव पावसात वाहून गेला तो गेलाच, पोरं ओढ्यातून शाळेत जायची. मी परत आल्यावर तुम्ही फोनवर दर आठवड्याला डोकं खाल्लंत. नावं लिही. मोठ्याने वाच. बायकांना बोलव. आधी छोटं काम घे. मी म्हणायचो ओगा आमची माणसं वेगळी आहेत, तुम्ही म्हणायचात आमची पण.

गेल्या मे महिन्यात साकव झाला. पहिल्या मीटिंगला परळला एकेचाळीस जण आले, त्यात सात बायका, आणि चहा-वडापावच्या तीनशे पन्नास रुपयांवरून अर्धा तास भांडण झालं. मला रडू यायचं बाकी होतं, एवढा आनंद झाला, कारण अख्ख्या खोलीसमोर हिशोब विचारला होता आणि मला तो द्यावा लागला. तुम्ही म्हणता ना, अकू रुओ उलो, कमाई घरी पोचली पाहिजे. आईला ते वाक्य सांगितलं तर म्हणाली, मग तुझ्या बापाने काय वेगळं केलं.

दालू ओगा. आणि एक काम होतं. तुमच्या रजिस्टरच्या रकान्यांचा फोटो परत पाठवा, माझा जुना फोन साकवाचं काम बघताना ओढ्यात पडला. आणि तो ट्रान्सफॉर्मर बसला का?