बाई, तुमचे आभार मानायचे राहून जायला नकोत

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

तुमच्या बदलीची ऑर्डर आल्याचं कळलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ होईलच, पण तिथल्या चार शब्दांत माझं म्हणणं मावणार नाही. म्हणून हे पत्र, आणि ते गावातल्या सगळ्या पालकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी वाक्प्रचारांची यादी आमच्या मुलांना तोंडपाठ होती. पण 'पीस ऑफ केक' (म्हणजे अगदी सोपं काम) धड्यात आलं की त्यांना वाढदिवसच आठवायचा. तुम्ही ती यादी बाजूला ठेवलीत आणि आधी मराठीतच विचारलंत, "पोटात कावळे ओरडतात, ते आत शिरले कुठून? चोरानं पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या, त्या कुणाच्या शेतातल्या?" पोरं पोट धरून हसली. आपणही घरात दिवसभर असंच बोलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि इंग्रजीचा धाक निम्मा उतरला.

'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे अगदी क्वचित, हे तुम्ही ज्या तऱ्हेनं शिकवलंत, ते तर मी कधीच विसरणार नाही. २०२३ चा ऑगस्ट होता. अधिक श्रावणाची पौर्णिमा १ तारखेला झाली आणि नारळी पौर्णिमा ३० तारखेला आली. तुम्ही मुलांना भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलंत. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, तो फरक साचत जातो, म्हणून आपल्याकडे दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि इंग्रजी महिन्यातही तशीच कधीतरी दुसरी पौर्णिमा पडते. तिलाच ब्लू मून म्हणतात, चंद्र काही निळा होत नाही. हे सगळं मुलांनी स्वतः बोटं मोजून काढलं. अधिक महिन्यात जावयाला वाण देणारी आमची आजीसुद्धा त्या दिवशी इंग्रजीच्या अभ्यासाला बसली होती!

आणखी एक गोष्ट फार थोडे शिक्षक सांगतात. वाक्प्रचार कुठे वापरायचा नाही, हेही तुम्ही सांगितलंत. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांच्यापुढे ते कधीच बोलायचं नाही. 'ब्रेक अ लेग' ही रंगमंचावर जाणाऱ्याला द्यायची शुभेच्छा, दवाखान्यात निघालेल्याला नाही. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं; त्याचा काळ बदलता येतो, पण बीन्सच्या जागी वाटाणे घालता येत नाहीत. भाषा कशी वागवायची, ते यातून मुलं शिकली.

माझी मुलगी आता अनोळखी इंग्रजी वाक्य दिसलं की आधी मागचं-पुढचं वाचते, बोलणारा कोण आहे ते बघते, आणि मगच अर्थ लावते. ही सवय तुमची आहे, बाई. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

मुलांनी चित्रं काढून भरलेली वाक्प्रचारांची वही तुम्ही खुशाल बरोबर न्या. तिची झेरॉक्स आम्ही काढून ठेवली आहे; नव्या बाई रुजू झाल्या की पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक पालक