गुहागर-विजापूर रस्त्याचा विचार कुंभार्ली घाटापासून व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गुहागर-विजापूर रस्त्याविषयीच्या बातम्या नेहमी तालुक्यांच्या हद्दीत अडकलेल्या असतात. चिपळूणच्या वाचकाला शिरगाव-पोफळीचे खड्डे कळतात, पाटणच्या वाचकाला पाटणचे काँक्रिटीकरण आणि जतच्या वाचकाला जतचे बाह्यवळण. हा सारा एकच रस्ता आहे आणि त्याचा प्राण कुंभार्ली घाटात आहे, ही गोष्ट या तुकडेवारीत हरवते. म्हणून हे पत्र.

आज या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६-ई असा क्रमांक आहे. गुहागरच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर करत तो चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो. पुढे खेर्डी, अलोरे, पोफळी या घाटपायथ्याच्या गावांतून कुंभार्ली घाट चढून हेळवाकला माथ्यावर येतो आणि कोयनेच्या सोबतीने पाटण, मल्हारपेठ करत कराडला पुणे-बंगळूर महामार्गाला भेटतो. कराडच्या पुढे ओगलेवाडी, सुर्ली घाट, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज आणि जत ही गावे घेऊन तो कर्नाटकात विजापूरला पोहोचतो. कोयनानगरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जतच्या शिवारात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी ते वर्ष बरे गेले असे म्हणतात. महाराष्ट्राची इतकी टोकाची रूपे एका दिवसाच्या प्रवासात दाखवणारे रस्ते फार थोडे आहेत.

ही वाट कोणा अभियंत्याने नकाशावर रेघ ओढून ठरवलेली नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही काळातले मोठे बंदर होते. त्याची श्रीमंती एवढी की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले. आदिलशहाची राजधानी विजापुरात आणि त्याचे बंदर दाभोळला, म्हणजे आजच्या रस्त्याची दोन्ही टोके तेव्हाच ठरून गेली होती. खाडीतून गलबते भरतीच्या पाण्यावर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येत. तिथे उतरलेले मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून तांडे घाट चढत, आणि देशावरचे धान्य, गूळ, मिरची, कापूस त्याच वाटेने खाली बंदराकडे जाई. इंग्रज अमदानीत बैलगाडी चढेल अशा बेताने वळणे काढून घाटात गाडीरस्ता झाला. तेव्हा चिपळूण आणि कराड या दोन्ही पेठांना जी बरकत आली, तिचे श्रेय मी या चढणीला देतो.

१८८० च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग कराडजवळून गेला आणि देशावरचा माल बंदराऐवजी रेल्वेकडे वळला. खाडीही गाळाने भरत गेली. तरीही रस्ता ओस पडला नाही, कारण कोकण आणि देश यांना जोडणारी दुसरी सोय जवळपास नव्हती. ती आजही नाही. कुंभार्ली बंद पडला की अवजड वाहनांना उत्तरेला पोलादपूर-महाबळेश्वरचा आंबेनळी घाट किंवा दक्षिणेला रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरचा आंबा घाट गाठावा लागतो, आणि हे दोन्ही घाट स्वतःच पावसाळ्यात भरवशाचे नसतात.

कोयना प्रकल्पाने या रस्त्याला दुसरा जन्म दिला, असे मला वाटते. १९५० च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले, १९६० च्या दशकात वीज वाहू लागली. धरणाच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरते, पोफळीच्या बाजूला वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले हे पाणी माणसाने पश्चिमेला वळवले, आणि त्यासाठीची सारी वसाहत, कार्यशाळा, कर्मचारी यांचा वावर याच घाटाच्या दोन्ही अंगांना राहिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने सुमारे १८० माणसे दगावली. राज्याला उजेड देणाऱ्या या खोऱ्याला बाहेरच्या जगाशी बांधून ठेवणारा मुख्य रस्ता तेव्हाही हाच होता. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला आणि त्याच रात्रीच्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. घाटाच्या वर आणि खाली एकाच वेळी संकट आले, तर मधला रस्ता उघडा असणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात रत्नागिरी आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांनी अनुभवले.

एवढे असूनही मोठा निधी आणि मोठी यंत्रे सपाटीवर दिसतात, आणि घाटाच्या वाट्याला पावसाळ्यापूर्वीची डागडुजी येते. सपाटीवर वाचलेली पंधरा मिनिटे घाटात एका बंद पडलेल्या ट्रकमागे जातात, आणि दरड आली तर अख्खा दिवस जातो. घाट चौपदरी करावा, असे मी मुळीच म्हणत नाही. घाटमाथ्याला लागूनच २०१० मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. तिथे डोंगर कापला तर जनावरांच्या वाटा तुटतील आणि उघड्या पडलेल्या उतारावरून नव्या दरडीही येतील. मागणी साधी आहे. गटारे आणि मोऱ्या मे महिन्याच्या आत साफ व्हाव्यात, दरडीच्या ठिकाणी जाळ्या आणि पाणी निचरून जाण्याची सोय व्हावी, कठडे तुटल्यावर त्यांच्या जागी वर्षानुवर्षे पिंपे उभी राहू नयेत. अतिवृष्टीचा इशारा मिळताच अवजड वाहने कराड आणि चिपळूण इथेच थांबवावीत, म्हणजे ती अर्ध्या घाटात अडकणार नाहीत. पावसाळ्याचे चार महिने घाटात क्रेन आणि जेसीबी कायम उभे असावेत. यातले काहीही नवे भूसंपादन मागत नाही.

आणखी एक विनंती. रुंदीकरणात जुने मैलाचे दगड, दगडी पूल आणि कडेचे वड नाहीसे होत आहेत. जे उरले आहेत त्यांची छायाचित्रांसह नोंद संबंधित यंत्रणेने काम सुरू करण्यापूर्वी करावी, दगड हलवावे लागले तर ते जवळच्या ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवावेत, आणि नव्या फलकांवर क्रमांकाबरोबर ‘गुहागर-विजापूर मार्ग’ हे नावही लिहावे. रत्नागिरी, सातारा आणि सांगली या तिन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून घाटाच्या कामाचा वेगळा आराखडा मागावा, अशी आपल्या दैनिकामार्फत त्यांना विनंती करतो.

आपला,
एक वाचक, पाटण तालुका